निकाल लागेपर्यंत

नवरा-बायकोचं भांडण कोर्टात गेलं की सगळ्यांचं लक्ष शेवटच्या कागदाकडे लागतं. घटस्फोट मिळणार का, मूल कोणाकडे राहणार, हुकूमनामा कधी हातात पडणार? वकिलाकडे पहिल्यांदा येणारा माणूस हेच विचारतो, आणि सोबत आलेला भाऊ किंवा मामा 'किती वर्षं लागतील?' एवढी भर घालतो. त्या वर्षांत जगायचं कसं, हे फार थोडे जण विचारतात. अर्ज दाखल झाल्यापासून निकालापर्यंत घरभाडं कोण देणार, शाळेची फी कोण भरणार, दिवाळीत मूल कुठे असणार, सासरच्या कपाटात राहिलेले दागिने आणि दहावीची गुणपत्रिका परत कशी आणायची, हे प्रश्न पुढे तारखांच्या मध्ये कधीतरी निघतात. तोवर बराच उशीर झालेला असतो.

हे पुस्तक त्या मधल्या काळासाठी लिहिलं आहे. कौटुंबिक कायदा शिकवताना लग्न, घटस्फोट, पोटगी, ताबा असा क्रम लावतात आणि अंतरिम अर्जांचा विषय दोन परिच्छेदांत उरकतात. माझं मत वेगळं आहे. कोर्टात आलेल्या संसारांचं भवितव्य बहुतेक वेळा त्या दोन परिच्छेदांतच ठरतं. कमाई नसलेली बाई निकालाची वाट बघत माहेरी भावजयीची मर्जी सांभाळत राहते आणि शेवटी थकून मिळेल त्या रकमेच्या कागदावर सही करते. चार वर्षांचं मूल बापाला न भेटता सात वर्षांचं होतं. मग कोर्ट त्याला 'बाबांकडे जायचं का?' असं विचारतं, मूल नाही म्हणतं आणि त्या नकारावर पुढचा आदेश होतो. असं होऊ नये म्हणून कायद्यात तरतुदी आहेत. त्या वेळेवर मागाव्या लागतात आणि मागण्यासाठी आधी माहीत असाव्या लागतात.

या मधल्या काळाची किंमत मुंबईने एका खटल्यात पाहिली आहे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. त्या आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच वाढल्या, शिकल्या. नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ मध्ये त्यांनी नांदायला यावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. कळत्या वयात न दिलेल्या संमतीच्या आधारावर एका तरुण स्त्रीला बळजबरीने नवऱ्याच्या घरी पाठवणं त्यांना मान्य नव्हतं. अपिलात तो निकाल फिरला. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जाण्याचा हुकूम दिला, आणि तो मानला नाही तर तुरुंगवास होता. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. टिळकांचा 'केसरी' त्यांच्या विरोधात उभा राहिला. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

आपण ही गोष्ट सांगताना हुकमाबद्दल आणि धैर्याबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. मला त्यातली चार वर्षं दिसतात. विशीतली बाई, घरात वकिलांची ये-जा, वर्तमानपत्रांत आपल्या चारित्र्याची चर्चा, आणि पुढचा महिना कुठे काढायचा याची खात्री नाही. पाठीशी सुरुवातीला सखाराम अर्जुनांसारखा माणूस आणि पुढे पैसा उभा करणारे हितचिंतक होते म्हणून त्या टिकल्या. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर काम केलं. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. 'नांदायला पाठवा' हा दावा त्या कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. आता त्यासाठी कुणाला तुरुंगात जावं लागत नाही. पण हुकूम होऊन वर्षभर एकत्र राहणं झालं नाही, तर तेच घटस्फोटाचं कारण होतं. पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून हा दावा लावला जातो, तेव्हा समोरच्या बाईला घाबरण्याचं कारण नसतं. घर का सोडलं याची कारणं तारीखवार लिहून ठेवलेली असली की त्याला उत्तर देता येतं.

घटस्फोट आपल्याकडे १९५५ मध्ये अवतरला असा समज आहे, तो खरा नाही. अनेक जातींत काडीमोड होती, पाट लावण्याची रीत होती, आणि पंचांपुढे सुटका होत असे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्येला बंदी घातली आणि १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. द्विभार्याबंदीला आव्हान मिळालं, तेव्हा १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी, तो कायदा टिकवला. त्याच वर्षी हिंदू कोड बिल रखडल्यावर डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं. नंतरचे कायदे तुकड्या-तुकड्यांनी झाले, त्यांच्यामागे हा सगळा लढा आहे.

रूढीने मिळणारी फारकत १९५५ च्या कायद्यानेही कलम २९ मध्ये शाबूत ठेवली आहे, आणि इथेच आजचा एक मोठा घोळ आहे. शंभर किंवा पाचशेच्या मुद्रांकावर नोटरीसमोर सोडचिठ्ठी लिहायची, दोन साक्षीदार घ्यायचे आणि मोकळं झालो असं समजायचं, हे खेड्यात आणि शहरातही चालतं. त्या जातीत तशी रूढी आहे हे कोर्टात पुराव्याने सिद्ध झालं नाही, तर त्या कागदाने लग्न मोडत नाही. मग दुसरं लग्न बेकायदा ठरतं आणि त्या दुसऱ्या बाईचे हक्क धोक्यात येतात. अशी सोडचिठ्ठी घेऊन कुणी लग्नाला उभं राहत असेल, तर मुलीकडच्यांनी आधी कोर्टाचा हुकूमनामा मागावा. त्यात संकोच करू नये.

लग्न झालं की नाही, हा प्रश्नसुद्धा वाटतो तितका सोपा नाही. हिंदू विवाहात दोघांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावे लागतात, आणि सप्तपदी त्या रूढीत असेल तर सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. विधी न करता नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र काढलं तर तो हिंदू विवाह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. परदेशी व्हिसासाठी 'आधी नोंदणी, समारंभ नंतर' करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे नीट लक्षात घ्यावं. विधी नको असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस लागते. मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांत मुलींची लग्नं लहानपणी लावून दिली जातात. तिथल्या मुलीला माहीत असायला हवं की २००६ च्या कायद्याप्रमाणे ती सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते लग्न रद्द करून मागू शकते.

गोव्यातल्या वाचकांसाठी चित्र वेगळं आहे. तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून आली आणि १९१० मध्ये विवाह व घटस्फोटाचे कायदे आले. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामायिक होते आणि संसार मोडला तर अर्धी-अर्धी वाटली जाते. महाराष्ट्रातल्या बाईला असा वाटा नाही. तीस वर्षं तिने रांधलेल्या, शेतात राबलेल्या घराचा सातबारा नवऱ्याच्या नावावर असेल, तर तिच्या हाती पोटगीचा अर्ज राहतो. मला हा आपल्या कायद्यातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. १९८० च्या दशकात संगमनेर परिसरातून परित्यक्तांची चळवळ उभी राहिली आणि शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी जमीन बायकांच्या नावे केली. त्या दोन्ही प्रयत्नांनी दाखवलेली वाट कायद्याने अजून पुरती चाललेली नाही.

मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांचे कायदे स्वतंत्र आहेत आणि त्यांना पुस्तकात स्वतंत्र प्रकरणं आहेत. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला. तोंडी तलाकविरोधाची ती मागणी मान्य व्हायला २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. पण मुस्लिम बाईला स्वतः कोर्टातून घटस्फोट मागण्याचा हक्क १९३९ च्या कायद्याने कधीच दिला आहे, याची आठवण तलाकच्या चर्चेत कुणी करून देत नाही.

आता घटस्फोटाकडे. हिंदू कायद्यात क्रूरता, परित्याग, व्यभिचार, धर्मांतर, मानसिक आजार अशी कारणं दिली आहेत. वेगळं राहून दहा वर्षं झाली म्हणून लग्न आपोआप मोडत नाही. क्रूरता म्हणजे काय, हे पुण्याच्या एका दांपत्याच्या खटल्यातून देशाला कळलं. विधी महाविद्यालयात तो 'दास्ताने खटला' म्हणून शिकवतात. अशा दाव्यात फौजदारीइतका कडक पुरावा लागत नाही आणि कोणती बाजू अधिक संभवनीय आहे ते पाहायचं असतं, हे त्यात ठरलं. शिवाय क्रूरता घडल्यावर दोघं पुन्हा नांदले तर ती माफ केली असं धरलं जातं, हेही ठरलं, आणि त्याच मुद्द्यावर नवरा हरला. विद्यार्थी हे पाठ करतात. मी त्यांना तारखा बघायला सांगते. दावा १९६२ चा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७५ चा. तेरा वर्षांत पहिलीतलं मूल कॉलेजात पोचतं.

परस्पर संमतीचा मार्ग १९७६ च्या दुरुस्तीने आला. वर्षभर वेगळे राहिलेले दोघं एकत्र अर्ज करतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा येऊन संमती सांगतात. सगळं खरोखर मिटलं असेल तर हे सहा महिने माफ करता येतात, असं २०१७ मध्ये ठरलं. लग्न पूर्ण कोलमडलं असेल तर संमतीशिवायही सर्वोच्च न्यायालय स्वतःच्या विशेष अधिकारात ते संपवू शकतं, असं १ मे २०२३ रोजी घटनापीठाने सांगितलं. तो अधिकार फक्त त्याच न्यायालयाला आहे, हे विसरून बरेच जण जिल्ह्याच्या कोर्टात तसा अर्ज लिहायला सांगतात. संमतीच्या अर्जाबद्दल माझा आग्रह एकच आहे. मुलाची भेट, फी, दवाखाना, सुट्ट्या हे सगळं त्या कागदात सविस्तर लिहा. 'मुलाचा ताबा आईकडे राहील व वडिलांना भेटता येईल' या एका ओळीवर सही करून बाहेर पडलेली जोडपी दोन-तीन वर्षांत पुन्हा कोर्टाच्या बाकावर येतात, आणि आता भांडण मुलावरून असतं.

मधल्या काळातल्या पैशाचे रस्ते तीन आहेत. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २४. त्यात अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो, आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत तो अर्ज निकाली काढावा, असं कायदाच सांगतो. कमाई नसलेला नवराही या कलमाखाली मागू शकतो. दुसरा रस्ता पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. इथे थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. 'देईल, देईल' म्हणत थांबलेल्या बायकांचे पैसे या एका मुदतीपायी बुडाले आहेत, म्हणून ते वाक्य मी पुस्तकात तीन ठिकाणी छापलं आहे. तिसरा रस्ता २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा. त्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, आणि ते घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी हक्क आपोआप संपत नाही, हे २०२० मध्ये ठरलं.

२०२० मध्येच, नागपूर खंडपीठातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीची सारी शिस्त घालून दिली. दोघांनीही उत्पन्न, कर्ज आणि मालमत्तेचं शपथपत्र सुरुवातीलाच द्यायचं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आदेशाच्या तारखेपासून नाही. वेगवेगळ्या कायद्यांखालच्या रकमा एकमेकींत धरायच्या. त्या निकालाने मधल्या काळाला मोल दिलं. कोर्टाला आदेश करायला दोन वर्षं लागली, तर त्या दोन वर्षांचं ओझं आता एकटीवर राहत नाही. शपथपत्र भरताना मात्र प्रामाणिक राहावं. पगार लपवणारा नवरा आणि शिकवण्यांचं उत्पन्न लपवणारी बायको, दोघांचीही उलटतपासणीत एकदा पकड झाली की त्यांच्या पुढच्या खऱ्या म्हणण्यावरही न्यायाधीशांचा विश्वास बसत नाही.

सर्वांत जास्त पानं मुलांसाठी दिली आहेत. १९५६ च्या पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई असं लिहिलं आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी पालक म्हणून सही केली, ती बँकेने स्वीकारली नाही. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 'नंतर' म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असं नाही, वडील प्रत्यक्षात लक्ष देत नसतील तेव्हाही आईच पालक, असा अर्थ १९९९ मध्ये लागला. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं, असं तोच कायदा म्हणतो. 'साधारणपणे' या शब्दाकडे दोन्ही बाजू दुर्लक्ष करतात. पाच पूर्ण झाली म्हणून मूल बापाकडे जात नाही, आणि चार वर्षांचं आहे म्हणून आईकडेच राहील असंही नाही. सगळ्यांच्या वर मुलाचं हित आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यापासून हे सूत्र आहे आणि ते सर्व धर्मांच्या मुलांना लागू होतं.

ताब्याचा कोणताच आदेश कायमचा नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून सांगितलं आहे. मूल वाढतं, शाळा बदलते, आई किंवा बाप दुसरं लग्न करतो, तेव्हा आदेश बदलून मागता येतो. म्हणून ताबा जिंकला किंवा हरला ही भाषा मला पटत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे दावा चालू असतानाही मुलाची राहण्याची, भेटीची, शिक्षणाची सोय कोर्ट लावू शकतं. हा अर्ज पहिल्या तारखेलाच द्यावा. पहिले सहा महिने भेट झाली नाही तर मुलाच्या मनात त्या आईची किंवा बापाची जागा अनोळखी होत जाते, आणि नंतर कोर्टाच्या आवारातल्या खोलीत, खेळण्यांच्या मध्ये, तासाभरात ती ओळख परत आणणं फार कठीण जातं. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेव्हा फोन आणि व्हिडिओ कॉलचा हक्क मागा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे.

इथे आईवडिलांना थेट सांगते. पोटगी थकली म्हणून मुलाची भेट अडवू नका, आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवू नका. हे दोन्ही हक्क मुलाचे आहेत आणि कोर्ट त्यांची एकमेकांत वजाबाकी करत नाही. 'कोर्टात असं सांग' म्हणून मुलाला पढवू नका. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये एकटं बोलतात, समुपदेशक बोलतात, आणि आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी 'मानसिक छळ' हे शब्द आले की ते कुणी दिले हे त्यांना लगेच कळतं. त्या मुलाला मात्र घरी गेल्यावर बरोबर बोललो की नाही याची परीक्षा द्यावी लागते. कोणत्याही कायद्याखाली मुलावर एवढं ओझं टाकण्याचा अधिकार कुणालाही नाही.

न्यू जर्सीत, लंडनमध्ये, दुबईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे प्रश्न वाढले आहेत. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. म्हणून एक जण मुलाला घेऊन पुण्यात उतरला की तिकडच्या कोर्टाचा आदेश इथे आपोआप अमलात येत नाही. मूल इथे किती रुळलं आहे, त्याचं हित कशात आहे, हे इथलं न्यायालय स्वतः पाहतं. तिकडच्या घटस्फोटाचंही तसंच आहे. आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर, समोरच्या जोडीदाराने त्या कोर्टाचा अधिकार मान्य केलेला नसताना मिळालेला हुकूमनामा इथे चालत नाही, असं १९९१ पासून ठरलेलं आहे. परतीचं तिकीट काढण्याआधी दोन्हीकडच्या वकिलांचा सल्ला घ्या.

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबईत ती १९८९ मध्ये सुरू झाली. वकील हक्क म्हणून उभा राहू शकत नाही, परवानगीने राहतो, पक्षकाराला स्वतः बोलता यावं ही त्यामागची कल्पना. तडजोडीचा प्रयत्न करणं न्यायाधीशांचं कर्तव्य आहे. पण तडजोड याचा अर्थ मार खाणाऱ्या बाईला परत पाठवणं असा होऊ शकत नाही. समुपदेशकासमोर हिंसेबद्दल पहिल्याच दिवशी सांगायला हवं. तालुक्याच्या ठिकाणी हेच दावे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात चालतात. २००३ पासून बायको स्वतः राहते तिथे दावा लावू शकते, त्यामुळे अकोल्याच्या मुलीला ठाण्याच्या तारखांना धावण्याची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही.

पुस्तकाचा क्रम मी याच विचाराने लावला आहे. पहिलं प्रकरण कागदपत्रांचं: घर सोडताना काय बरोबर घ्यावं, बँकेचे उतारे, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, मुलाचा जन्मदाखला आणि पासपोर्ट कुठे ठेवावा. दुसरं अंतरिम पोटगीचं, उत्पन्नाच्या शपथपत्राच्या नमुन्यासकट. तिसरं आणि चौथं मुलांचं, त्यात सुट्ट्या आणि सण वाटून घेण्याचे कच्चे आराखडे आहेत. ते आपापल्या घराप्रमाणे बदलून घ्यावेत. लग्नाच्या वैधतेचं प्रकरण त्यानंतर, आणि घटस्फोटाची कारणं अगदी शेवटी. कलमांचे क्रमांक जुने आणि नवे असे दोन्ही दिले आहेत, कारण कोर्टातल्या जुन्या फायलींवर जुनेच आकडे आहेत. ज्यांना उद्याच तारीख आहे त्यांनी प्रस्तावना इथेच मिटवून दुसरं प्रकरण उघडावं.